लघवी-संडासवर ताबा राहत नसेल तर: पहिल्या तीन महिन्यांत काय काय करायचं

लग्नकार्याला यायचं टाळणारी आत्या, एसटीनं जायचं म्हटलं की सकाळपासून पाण्याला न शिवणारी मावशी, पारावर बसले की दर अर्ध्या तासाला उठणारे काका. आपल्या ओळखीत अशी माणसं असतातच, फक्त कुणी बोलत नाही. बायका जावेलासुद्धा सांगत नाहीत. पुरुष तर डॉक्टरपुढं बसतात, गुडघ्याचं दुखणं सांगतात आणि गोळ्या घेऊन घरी येतात.

हा लेख दोघांसाठी आहे: ज्यांना हा त्रास नुकताच सुरू झालाय त्यांच्यासाठी, आणि घरात माणूस अंथरुणाला खिळल्यामुळं ज्यांच्या अंगावर हे काम अचानक आलंय त्यांच्यासाठी. मी दवाखान्यात परिचारिका म्हणून काम केलं आहे, त्यामुळं शब्द सरळ वापरणार आहे.

सुरुवातीला एवढं लक्षात घ्या की कपडा ओला होण्यामागं चार-पाच निरनिराळे बिघाड असू शकतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला घातक ठरतो. शेजारणीला लागू पडलेली गोळी आणून खायची नाही ती याच कारणानं. आधी आपला प्रकार कोणता ते ओळखायचं, उपाय त्यानंतर.

पहिली पायरी: थांबायचं नाही अशा खुणा

पुढचं काही दिसलं तर या लेखात खाली सांगितलेले वही-व्यायाम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कंबर दुखत होती आणि आता मांड्यांच्या मधला, बसायच्या जागेचा भाग बधिर झालाय, पायातली ताकद गेलीय, लघवी-संडासचं कळेनासं झालंय. मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्या असतील तर तासांचा हिशोब असतो. रात्र असली तरी १०८ ला फोन करा.

लघवी अजिबात होत नाही आणि ओटीपोट फुगून दुखतंय. थंडी वाजून ताप येतोय आणि लघवीला जळजळ आहे. तोंड एका बाजूला वाकडं झालंय, हात-पाय लुळा पडलाय. कालपर्यंत नीट बोलणारं म्हातारं माणूस आज भलतंच बरळतंय आणि कपड्यात करतंय. म्हातारपणी लघवीचा जंतुसंसर्ग असा डोक्यातून दिसू शकतो.

लघवीत किंवा संडासमधून रक्त पडत असेल, वजन आपोआप घटत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. दुखत नाही म्हणून रक्ताकडं काणाडोळा करू नका.

आपल्याकडं चैत्र-वैशाखात जळजळ झाली की "उन्हाळी लागली" म्हणतात आणि सब्जा, धन्याचं पाणी पितात. प्यायला हरकत नाही. पण दोन दिवसांत उतार पडला नाही, किंवा दर महिन्याला "उन्हाळी" लागत असेल, तर लघवी तपासून घ्या.

दुसरी पायरी: तीन दिवसांची वही

लेकराची जुनी वही घ्या. सलग तीन दिवस चार गोष्टी लिहा: किती वाजता किती प्यायलं, किती वाजता लघवी झाली, किती झाली, आणि कधी निसटली व तेव्हा काय करत होतात. माप घ्यायला प्लॅस्टिकचा मापाचा जग नाहीतर पाण्याची लिटरची बाटली कापून घ्या आणि ती वेगळी ठेवा. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा, किंवा भिंतीवर कोळशानं रेघा मारा: लघवीला उभी, निसटली की आडवी.

साधारण धडधाकट माणसाच्या लघवीच्या पिशवीत ४०० ते ५०० मिली मावते. १५० ते २०० मिली साचली की पहिली जाणीव होते, पण तेव्हाच पळायची गरज नसते. दिवसात सात-आठ वेळा आणि रात्री एखाद वेळा उठणं हे बरोबर. वहीत दर वेळी ७०-८० मिलीच दिसत असेल तर पिशवी लवकर घाई करतेय. चोवीस तासांची बेरीज तीन लिटरच्या वर जात असेल तर आधी रक्तातली साखर तपासा. पिशवीचा दोष नसेलही. आणि दिवसा थोडी, रात्री मात्र भरपूर होत असेल तर पायावर सूज आहे का बघा. दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि रात्री लघवीवाटे निघतं. अशांनी दुपारी तासभर पाय उशीवर घेऊन पडावं, आणि सूज कशामुळं आहे ते डॉक्टरला विचारावं.

डॉक्टरकडं दहा मिनिटं मिळतात. ही वही त्या दहा मिनिटांत तुमच्यापेक्षा जास्त बोलते.

तिसरी पायरी: आपला प्रकार ओळखा

खोकलं, शिंकलं, हसलं, घागर उचलली की थोडी निसटते, एरवी नाही. हा दाबाचा प्रकार. बाळंतपणं, वाढलेलं वजन, जुना खोकला, जड ओझी ही त्याची कारणं. बायकांमध्ये जास्त, पुरुषांत प्रोस्टेटच्या (लघवीच्या पिशवीखालच्या गाठीच्या) ऑपरेशननंतर दिसतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा इथं वेगळा उल्लेख केलाच पाहिजे. बीड जिल्ह्यातून आणि शेजारच्या भागातून दरवर्षी कोयते, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडपी, निघतात. बाळंतीण पुरती सावरायच्या आत फडात उतरते, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. तिथं संडास नाही, आडोसा नाही, म्हणून तासन् तास लघवी दाबून धरली जाते. पुढं अंग (गर्भाशय) बाहेर येतं, लघवी निसटते, आणि कुणीतरी सांगतं, "गर्भपिशवी काढून टाक, सगळं मिटेल." बीडमधल्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती. बायांनो, निव्वळ लघवी निसटते म्हणून गर्भपिशवी काढायची नसते. त्यानं हा त्रास जात नाही, काही जणींचा पुढं वाढतो. अंग बाहेर येत असेल तर व्यायाम आहे, आत बसवायची सिलिकॉनची रिंग आहे, आणि गरज पडली तर खाली आलेलं अंग वर बांधायचं ऑपरेशनही आहे. कुणीही "काढा" म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

दुसरा, घाईचा प्रकार. लागली म्हणेपर्यंत दारातच होते. नळाचा आवाज आला, कुलूप काढायला लागले की दम निघत नाही. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. इथं पिशवीचा स्नायू नको तेव्हा आवळतो. पाळी गेल्यानंतर, लकव्यानंतर, कंपवातात, जंतुसंसर्गात हे होतं. पुष्कळदा कारण सापडतही नाही. हे आणि वरचं दोन्ही एकत्र असणाऱ्याही खूप जणी असतात.

तिसरा प्रकार फसवा आहे. दिवसभर थेंब थेंब गळतं, धार बारीक, सुरू व्हायला वेळ, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं. इथं पिशवी नीट रिकामीच होत नाही आणि वरचं सांडतं. पुरुषांत प्रोस्टेट वाढलेला असतो. दोघांतही जुन्या शुगरनं पिशवीच्या नसा बधिर झालेल्या असू शकतात. अशा माणसाला घाईवरची गोळी दिली तर लघवी पूर्ण अडकू शकते. सर्दीच्या काही गोळ्यांनीही अडकते, म्हणून प्रोस्टेटवाल्यांनी मेडिकलमधून सर्दीची गोळी अशीच घेऊ नये.

चौथ्यात पिशवी ठीक असते, माणूस पोचत नाही. गुडघे धरलेत, संडास अंगणाच्या टोकाला, अंधार, नाडीची गाठ सुटत नाही. औषध नको, वाट सोपी करा.

आणि एक प्रकार कमी दिसतो पण हमखास लपवला जातो: अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा ओटीपोटाच्या ऑपरेशननंतर झोपेतही सतत झरत राहणं. लघवीची पिशवी आणि योनीमार्ग यांच्यात छिद्र पडलेलं असतं. कितीही व्यायाम केला तरी ते बुजत नाही. ऑपरेशननं बुजतं. अशा बाईला घराच्या कोपऱ्यात ठेवू नका, वैद्यकीय महाविद्यालयात न्या.

चौथी पायरी: पाणी तोडू नका

मला सगळ्यात जास्त भांडावं लागतं ते यावर. लघवी निसटते म्हणून माणसं पाणी बंद करतात. मग लघवी गडद होते, पिशवीला झोंबते, घाई वाढते. संसर्ग होतो. संडास कडक होते, ती आतून पिशवीवर दाबते आणि लघवी आणखी निसटते. वर आपल्या मराठवाड्यातला उन्हाळा: चाळिशीच्या वर पारा, आणि कोरड्या पोटानं फिरणारं सत्तरीचं माणूस.

दिवसभरात दीड ते दोन लिटर, शेतात काम असेल तर त्याहून जास्त, थोडं थोडं करून प्या. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला की पुरेसं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरनं सांगितलेलं मापच खरं. झोपायच्या आधी दोन-तीन तास पिणं कमी करा. तोडायचाच असेल तर चहा तोडा. दिवसाला सात-आठ कप घेणाऱ्या माणसाचा चहा दोनावर आला तर पंधरा दिवसांत फरक दिसू शकतो. बिडी-तंबाखूचा खोकला दाबाचा प्रकार वाढवतो. मिश्रीचंही समर्थन मी करणार नाही.

पाचवी पायरी: डॉक्टरकडं जाताना

काय बोलायचं ते आधी ठरवून जा. "खोकलं की लघवी निसटते, सहा महिने झाले, तीन बाळंतपणं झालीत" एवढं एक वाक्य पुरतं. लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून केसपेपरसोबत द्या. बाई डॉक्टर हवी असेल तर तसं मागा, त्यात वावगं काही नाही.

गावात सुरुवात आशाताईपासून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा. मोठ्या तपासण्या आणि शस्त्रक्रियांसाठी छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचं विलासराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय आहे. शस्त्रक्रिया सुचवली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

साध्या तपासण्या आधी होतात: लघवीची तपासणी, साखर, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळणारी रक्ततपासणी), आणि सोनोग्राफी. सोनोग्राफीच्या वेळी "लघवी केल्यानंतर किती उरते" हेही बघायला सांगा. तिसरा फसवा प्रकार त्या एका आकड्यानं पकडला जातो.

घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. बीपीची पाण्याची गोळी रात्री घेतली तर रात्रभर उठवणारच. ती सकाळी घेता येते का विचारा. शुगरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे काढतात, त्यामुळं लघवी वाढते आणि जागेला खाजही सुटू शकते. बीपीच्या अॅम्लोडिपिननं पाय सुजू शकतात. शुगरच्या मेटफॉर्मिननं काहींना जुलाब होतात. यातली कुठलीच गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. विचारायचं, बदलून मिळते.

घाईसाठी सोलिफेनासिन किंवा ऑक्सिब्युटिनिन दिली तर तोंड कोरडं पडणं, संडास कडक होणं, वय जास्त असेल तर विसरभोळेपणा वाढणं हे होऊ शकतं. मिराबेग्रॉन दिली तर बीपी मोजत राहायचं. फरक पडायला तीन-चार आठवडे लागतात. चार दिवसांत सोडू नका. पाळी गेलेल्या बायकांना योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं. त्यानं घाई आणि वारंवार होणारा संसर्ग दोन्ही कमी होऊ शकतात.

सहावी पायरी: व्यायाम

ओटीपोटाच्या तळाशी पाळण्याच्या झोळीसारखा स्नायूंचा पट्टा असतो. पिशवी, गर्भाशय, गुदाशय सगळं त्यावर तोललेलं असतं. १९४८ साली अमेरिकेतल्या डॉ. आर्नॉल्ड केगेल यांनी बाळंतपणानंतर सैल पडलेल्या या स्नायूंसाठी व्यायाम मांडला. बायका आणि पुरुष दोघांनाही तो चालतो, आणि पैसा लागत नाही.

स्नायू शोधायचा कसा? चारचौघांत वात सुटू नये म्हणून जे आवळतो ते आवळा. बाईला आत-वर ओढल्यासारखं वाटतं, पुरुषाला वृषण किंचित वर उचलल्यासारखे वाटतात. पोट, मांड्या, नितंब ढिले. श्वास चालू. बऱ्याच जणी आवळण्याऐवजी खाली जोर लावतात, त्यानं उलट नुकसान होतं. खात्री वाटत नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या.

पहिले दोन आठवडे आडवं होऊन: तीन सेकंद आवळा, तीन सेकंद सोडा, असं आठ ते दहा वेळा. दिवसात तीन खेपा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. नंतर बसून, मग उभं राहून. प्रत्येक खेपेच्या शेवटी पाच-सहा झटपट आवळण्या. सोडणंही आवळण्याइतकंच पूर्ण झालं पाहिजे. लघवी करता करता धार तोडून व्यायाम करायचा नाही. पिशवी नीट रिकामी न व्हायची सवय लागते.

महिनाभर काहीच वाटणार नाही. निदान तीन महिने रोज करा, मगच ठरवा. चहाला आधण ठेवलं की एक खेप, भाकरी झाल्या की दुसरी, अंथरुणाला पाठ टेकली की तिसरी, असं कामाला बांधून ठेवलं तर विसरत नाही.

हा स्नायू तयार झाला की खोकला यायच्या, हंडा उचलायच्या नेमकं आधी तो आवळायचा. दाबाच्या प्रकारात एवढ्यानंही निसटणं बरंच कमी होतं.

सातवी पायरी: घाईला थोपवायचं

घाई आली की पळू नका. पळताना पोटावर दाब येतो आणि मन संडासच्या दारात आधी पोचतं. जागेवर थांबा, शक्य तर बसा. पाच-सहा वेळा झटपट आवळा. वीसपासून उलटे अंक मोजा, नाहीतर हरिपाठातला एखादा अभंग मनात म्हणा. लाट ओसरली की चालत जा.

वहीत दोन लघव्यांमधलं अंतर तासाभराचं दिसत असेल तर आठवडाभर सव्वा तास धरा, मग दीड. अडीच-तीन तासांपर्यंत पोचायला दीड-दोन महिने जातात. "निघता निघता जाऊन येते" ही सवय मात्र सोडा, थोड्या लघवीला उठायची पिशवीला चटक लागते. थेंब थेंब गळणाऱ्या तिसऱ्या प्रकाराला हे धरून ठेवणं लागू नाही. त्यांनी उलट वेळेवर जायचं, आणि झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा.

आठवी पायरी: संडासचं काय

याबद्दल तर आणखी कमी बोललं जातं. वात सुटलेला कळत नाही, पातळ संडास कपड्याला लागते, घाई आली की थांबत नाही. कारणं: बाळंतपणात गुदद्वारापर्यंत फाटलेलं आणि नीट न शिवलेलं, शुगर, लकवा, मणक्याची इजा, मूळव्याध-भगंदराचं चुकीच्या हातून झालेलं ऑपरेशन. "मूळव्याध मुळासकट, एका दिवसात" असं भिंतीवर रंगवलेल्या ठिकाणी जाऊ नका. तिथला स्नायू एकदा कापला गेला की पूर्वीसारखा होणं अवघड असतं.

पण म्हाताऱ्या माणसात सगळ्यात जास्त आढळणारं कारण ऐकून लोक चक्रावतात: बद्धकोष्ठ. आतमध्ये खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेनं पातळ पाणी झिरपत राहतं. घरच्यांना वाटतं जुलाब लागलेत. मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी येते, खडा आणखी घट्ट होतो, झिरपणं चालूच. अंथरुणावरच्या माणसाला आठ-दहा दिवस नीट संडास झाली नसेल आणि आता थोडं थोडं पातळ, घाण वासाचं होत असेल, पोट फुगलं असेल, तर आधी हाच संशय घ्या. डॉक्टर बोटानं तपासून दोन मिनिटांत सांगतात. एनिमा आणि संडास मऊ करणारं औषध देऊन आधी आतडं मोकळं करावं लागतं, नाहीतर पुढचं काहीच लागू पडत नाही.

मोकळं झालं की वेळ बांधा. खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, सकाळी सगळ्यात जोरात. म्हणून न्याहारी-चहानंतर वीस-तीस मिनिटांनी, रोज त्याच वेळेला, पाच-दहा मिनिटं बसवायचं. झाली नाही तरी उठवायचं, कुंथायचं नाही. खाली उकिडवं बसणं सगळ्यात चांगलं. गुडघे साथ देत नसतील तर कमोडची खुर्ची आणि पायाखाली पाट, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात. दुकानातली खुर्ची परवडत नसेल तर प्लॅस्टिकच्या खुर्चीला भोक पाडून खाली बादली ठेवतात, तेही चालतं. मात्र कापलेली कडा घासून त्यावर कापड गुंडाळा, आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा.

संडास फार कडक नको, फार पातळही नको. शिजलेल्या रताळ्याइतकी मऊ पण आकार धरलेली संडास धरून ठेवायला सगळ्यात सोपी. ज्वारीची भाकरी, अंबाडी-चाकवताची पातळ भाजी, तुरीचं वरण, पेरू, पपई हे सगळं त्याच कामाचं. इसबगोल एक-दोन चमचे पूर्ण पेलाभर पाण्यातून. ते कडक संडास मऊ करतं आणि पातळ असेल तर घट्टही करतं. पण आत खडा असताना, किंवा गिळायला त्रास असेल तर देऊ नका. पातळ होत असेल तेव्हा तेलाचा तवंग आणि ठेचा काही दिवस बाजूला, दुधानं वाढतं का ते बघा, ताक-भात-केळी द्या. जुलाब थांबवायची लोपेरामाइड ही गोळी कधी कधी फार उपयोगी पडते, पण खडा नाही ना हे तपासल्यावर, डॉक्टरच्या सांगण्यावरून. ताप किंवा रक्त असेल तर नाहीच.

वर सांगितलेला आवळण्याचा व्यायाम इथंही तोच, फक्त लक्ष मागच्या बाजूला.

नववी पायरी: अंथरुणावरचं माणूस

दर दोन-तीन तासांनी स्वतःहून न्या किंवा भांडं द्या. विसरभोळं माणूस "नाही लागली" म्हणेल. विचारू नका, "मामा, चहा झालाय, चला आधी जाऊन येऊ" असं म्हणा. नाडी काढून इलॅस्टिक घाला. रात्री लहान दिवा आणि संडासपर्यंत कोरडी, मोकळी वाट ठेवा. घाईत पाय घसरून मांडीचं हाड मोडलेली माणसं कमी नाहीत.

ओलं झालं की साध्या पाण्यानं धुवा, टॉवेलनं टिपून घ्या, घासू नका, आणि झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. डेटॉल, पावडर, हळद, राख यातलं काही नको. बायकांना पुढून मागं पुसा, नाहीतर संडासचे जंतू लघवीच्या वाटेत जातात. दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाडावर लाल डाग दिसला तर बोटानं दाबा. दाबल्यावर पांढरा झाला नाही तर जखमेची सुरुवात समजा आणि दाखवा.

डायपर कमरेचं माप घेऊन आणा. मोठा आणला म्हणजे जास्त शोषतो असं नाही, बाजूनं गळतो. पाळीचं पॅड लघवीला पुरत नाही. लघवी एकदम येते आणि ते पॅड तिला तितक्या वेगानं शोषत नाही. लघवीसाठी वेगळी पॅड मिळतात. संडास झाली की डायपर त्याच क्षणी बदलायचा, रात्र असली तरी. तो शोषखड्ड्याच्या संडासात टाकू नका, तुंबतो.

खर्चाचा आणि पाण्याचा मेळ असा घाला: दिवसा जुन्या सुती धोतराच्या-लुगड्याच्या घड्या, खाली मेणकापड, रात्री आणि प्रवासात डायपर. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टँकरच्या दिवसांत रोज पाच चादरी धुणं कुठून जमणार? तेव्हा गादीवर आडवी घडी घालून फक्त ती बदला. मळ आधी संडासात झटका, कपडा पावडरच्या पाण्यात भिजवा, मग धुवा, कडक उन्हात वाळवा. ऊन तेवढं आपल्याकडं भरपूर आहे.

सोयीसाठी म्हणून लघवीची नळी घालून घेऊ नका. नळी म्हणजे जंतूंना दार. पुरुषांना बाहेरून लावायची कंडोमसारखी नळी रात्रीपुरती चालते. आत नळी असलीच तर तिला जोडलेली प्लॅस्टिकची पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकवता. दोन-तृतीयांश भरली की रिकामी. हात आधी आणि नंतर धुवायचे. लॅटेक्सची नळी लवकर बदलावी लागते, सिलिकॉनची १२ आठवड्यांपर्यंत चालते. तारीख कॅलेंडरवर लिहा. तीन-चार तास पिशवीत काहीच आलं नाही तर नळी मुडपली आहे का बघा, आणि नसेल तर दवाखाना. मणक्याच्या इजेत दिवसातून चार-सहा वेळा स्वच्छ नळीनं लघवी काढायला शिकवतात. ते शिकून घ्या, कायमच्या नळीपेक्षा संसर्ग कमी.

सेवा करणाऱ्यांना एक सांगते: नाक दाबलं तरी तोंड वाकडं करू नका, पडलेल्या माणसाला सगळं दिसतं. आणि सगळं एकट्या सुनेवर टाकू नका. बापाचं डायपर मुलाला बदलता येतं.

दहावी पायरी: घराबाहेर

प्रवासाच्या पिशवीत दोन पॅड, एक जोडी कपडे, घट्ट बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी, ओला रुमाल. एसटीत दाराजवळची जागा घ्या आणि कंडक्टरला आधी सांगून ठेवा. बहुतेक जण गाडी थांबवतात. गडद रंगाचे, सैल कपडे घाला.

देवधर्मावरून पुष्कळ जण स्वतःला तोडून घेतात. पॅड बदलून, हातपाय धुऊन पूजेला बसा, दिंडीत चाला. नमाजसाठीही अशा आजारात सवलत आहे, प्रत्येक नमाजच्या वेळेला नवा वुजू (नमाजआधीचं हात-तोंड-पाय धुणं) करून ती अदा करता येते. शंका असेल तर मौलानांना विचारून घ्या.

तीन महिन्यांनी

पुन्हा तीन दिवसांची वही लिहा आणि पहिल्या वहीशेजारी ठेवा. निसटण्याच्या वेळा निम्म्यावर आल्या असतील तर हेच चालू ठेवा. काहीच हललं नसेल तर दोन्ही वह्या घेऊन युरोलॉजिस्टकडं (लघवीच्या आजारांच्या तज्ज्ञाकडं) जा. दाबाच्या प्रकारात मूत्रमार्गाला आधार देणारं ऑपरेशन असतं, प्रोस्टेटसाठी गोळ्या आणि दुर्बिणीचं ऑपरेशन, न थांबणाऱ्या घाईसाठी पिशवीत बोटॉक्सचं इंजेक्शन. फाटलेला गुदद्वाराचा स्नायू सर्जन पुन्हा शिवू शकतात. कुठलंही ऑपरेशन ठरवायच्या आधी तीन प्रश्न विचारा: माझा प्रकार नक्की कोणता, लघवी केल्यावर पिशवीत किती उरते, आणि ऑपरेशननंतर लघवी अडकली तर काय करायचं.